चिठ्ठी हरवलेलं पान

मुलामुलींनो, पिंपळाचं पान वहीत ठेवून त्याची जाळी होण्याची वाट पाहिली आहे ना तुम्ही? मोरपीस आणि पिंपळपान वहीत जपलं नाही असा विद्यार्थी मी तरी अजून पाहिलेला नाही. आता त्या पानाला जरा विचारून बघा, “काय रे, कोणत्या गावचा तू? कोणत्या दिवशी आलास? कुणी आणलं तुला?” पान गप्प बसेल. फार तर पिंपळाचं आहे एवढं त्याच्या आकारावरून कळेल. बाकी काही नाही.

पण जगात अशी काही घरं आहेत, जिथली दोनदोनशे, तीनतीनशे वर्षांची वाळलेली पानं या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. त्या घरांना म्हणतात हर्बेरियम. आपण त्याला वनस्पतिसंग्रह म्हणू. या पानांना बोलतं कसं ठेवतात आणि त्यात संगणकाची मदत कशी होते, ते आज तुम्हांला सांगते.

याची सुरुवात झाली इटलीत. सोळाव्या शतकात पिसा शहरात लुका घिनी नावाचे एक शिक्षक होते. थंडीत झाडं झडून जात. मग विद्यार्थ्यांना शिकवायचं कशावरून? त्यांनी झाडांच्या फांद्या कागदांत दाबून वाळवल्या आणि जाड कागदावर चिकटवल्या. झाली हिवाळ्याची सोय! आजही पद्धत जवळजवळ तीच आहे. पानाफुलांसकट एक डहाळी घ्यायची. ती वर्तमानपत्राच्या कागदांत नीट पसरून ठेवायची, वर वजन ठेवायचं. कागद ओले झाले की बदलायचे. पावसाळ्यात तर रोज बदलायचे, नाहीतर बुरशी आलीच म्हणून समजा. वाळली की ती जाड कागदावर पक्की करायची. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं काम. कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची.

त्या चिठ्ठीवर काय असतं? झाडाचं नाव, ते कुठे मिळालं ते ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याने त्या नमुन्याला दिलेला क्रमांक. शिवाय वाळल्यावर जे दिसणार नाही ते सगळं. म्हणजे फुलाचा रंग, वास, झाडाची उंची, आजूबाजूची जमीन. ताजं जांभळं फूल वाळून तपकिरी पडतं. तुम्ही ‘जांभळं’ असं लिहिलं नसेल तर पन्नास वर्षांनी ते कुणाला कळणार?

या चिठ्ठीची किंमत मला आमच्या शाळेतल्या एका कपाटाने शिकवली. आमची शाळा जिल्हा परिषदेची, ओढ्याच्या काठावर. कपाट रिकामं करताना मुलांना जुन्या कागदांचं एक बाड सापडलं. उघडून बघतो तर वाळलेल्या वनस्पती! कित्येक वर्षांपूर्वी शाळेत असलेल्या एका गुरुजींनी मुलांना घेऊन तो संग्रह केला होता. एकूण ४३ कागद. चिठ्ठ्या खळीने चिकटवलेल्या होत्या आणि खळ म्हणजे कसरीचं आवडतं खाणं! तिने चिठ्ठ्यांचा फडशा पाडलेला. फक्त १७ चिठ्ठ्या वाचता येण्याजोग्या उरल्या होत्या.

“बाई, गुरुजींनाच विचारू या ना!” एक मुलगा म्हणाला. पण गुरुजी आता हयात नाहीत. उरलेल्या २६ पानांची हकिकत त्यांच्या डोक्यात होती. ती त्यांच्याबरोबर गेली. पानं जशीच्या तशी आहेत, अगदी शिरा मोजाव्यात इतकी छान. पण मुकी.

आणि ज्या १७ चिठ्ठ्या होत्या, त्यांतली एक वाचून सगळा वर्ग गप्प झाला. गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘कळलावी. शाळेमागचं निवडुंगाचं कुंपण, ओढ्याची बाजू. १४ ऑगस्ट १९८७. पाकळ्या वर लाल, खाली पिवळ्या. तीन वेल.’

शाळेच्या मागे आता तारेचं कुंपण आहे. निवडुंग नाही आणि कळलावीही नाही. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने शाळेजवळ कळलावी पाहिलेली नव्हती. ती तिथे होती, हे सांगणारा एवढाच एक कागद आता उरला आहे.

आता जरा मोठ्या घरांकडे जाऊ. आमच्याकडे ४३ कागद. कोलकात्याजवळ हावड्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा जो मध्यवर्ती संग्रह आहे, त्यात सुमारे २० लाख नमुने आहेत. लंडनजवळच्या क्यू उद्यानात ७० लाखांच्या वर. आपल्याकडेही पुण्यात याच सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेचा संग्रह आहे, आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर ब्लॅटर यांच्या नावाचा संग्रह आहे.

एक गणित करा बरं. २० लाख नमुन्यांतला प्रत्येक नमुना फक्त एक मिनिट बघायचा ठरवला, रोज आठ तास, रविवारचीही सुट्टी नाही, तर किती दिवस लागतील? करून बघितलंत? अकरा वर्षांहून जास्त! आणि समजा, कुणी विचारलं की ऑगस्ट महिन्यात फुललेले, ओढ्याकाठी मिळालेले सगळे नमुने दाखवा. काय कराल? कपाटांमध्ये नमुने लावलेले असतात ते कुळांप्रमाणे. एकाच कुळातली झाडं शेजारीशेजारी. महिन्याप्रमाणे शोधायचं तर सगळी कपाटं उघडायला हवीत.

इथे संगणक मदतीला येतो. वनस्पतिसंग्रह सांभाळण्यासाठी खास सॉफ्टवेअर तयार केलेली आहेत. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठात तयार झालेलं ‘ब्राह्म्स’, अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात वाढलेलं ‘स्पेसिफाय’ ही त्यांतली नावाजलेली. नावं वेगळी असली तरी काम एकच. प्रत्येक नमुन्याला एक क्रमांक द्यायचा आणि चिठ्ठीवरची माहिती सुटीसुटी करून त्या क्रमांकाशी बांधायची. ठिकाण एका रकान्यात, तारीख दुसऱ्यात, गोळा करणारा तिसऱ्यात. कागदावर छोट्या काळ्या रेघांची पट्टी चिकटवतात, बिस्किटाच्या पुड्यावर असते ना, तशीच. यंत्राने ती वाचली की नमुन्याची सारी कुंडली पडद्यावर हजर. ‘ऑगस्ट’ आणि ‘ओढा’ एवढं विचारलं की यादी क्षणात तयार.

तुम्ही म्हणाल, “मग यात काय विशेष? आम्ही पण तक्ता करू शकतो.” अगदी बरोबर! आमच्या वर्गानेही तेच केलं. शाळेतल्या संगणकावर रकाने आखले आणि चार मुलं रोज मधल्या सुट्टीत चिठ्ठ्या उतरवायला बसली. आठ दिवसांनी आम्ही संगणकाला विचारलं, “संग्रह किती जणांनी केला?” उत्तर आलं, तीन! कोण तिघं? ‘गुरुजी’, ‘गुर्जी’ आणि ‘जुने गुरुजी’. वर्गात हशा पिकला. ठिकाणांचंही तसंच. ‘ओढा’, ‘ओढ्याकाठी’, ‘नाल्याजवळ’. तुम्हांआम्हांला कळतं की जागा एकच आहे. संगणकाला कळत नाही. त्याच्या लेखी एक मात्रा बदलली की माणूस बदलला. आणि ‘३/८’ म्हणजे ३ ऑगस्ट की ८ मार्च? आपण ३ ऑगस्ट म्हणू, अमेरिकेतलं मूल ८ मार्च म्हणेल.

खास सॉफ्टवेअरमध्ये यासाठीच कुंपणं घातलेली असतात. गोळा करणाऱ्याचं नाव एकदाच लिहायचं, पुढच्या वेळी यादीतून निवडायचं. दिवस, महिना, वर्ष वेगवेगळ्या जागी. शिवाय जगभरच्या संग्रहांनी रकान्यांची नावंही एकसारखी ठरवून घेतली आहेत. त्या ठरावाला ‘डार्विन कोअर’ म्हणतात. २००९ साली तो मान्य झाला. त्यामुळे पुण्याची यादी आणि पिसाची यादी एकमेकींना जोडता येते, आगगाडीच्या डब्याला डबा जोडावा तशी.

सगळ्यात मोठी पंचाईत असते ती नावांची. आपला चाफाच घ्या. सोनचाफा, हिरवा चाफा, पांढरा चाफा. नाव एक, पण झाडं तीन वेगवेगळ्या कुळांतली! याच्या उलट कळलावी. कुणी तिला खड्यानाग म्हणतं, कुणी अग्निशिखा. म्हणून शास्त्रज्ञ प्रत्येक वनस्पतीला एक शास्त्रीय नाव देतात. पण गंमत अशी की तेही बदलतं!

बाभळीचं उदाहरण बघा. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली तिला ‘मिमोसा निलोटिका’ म्हटलं. निलोटिका म्हणजे नाईल नदीकाठची. पुढे ती ‘अकेशिया’ झाली. तुमच्या आजोबांच्या पुस्तकात ‘अकेशिया अरेबिका’ असेल, बाबांच्या पुस्तकात ‘अकेशिया निलोटिका’. मग अभ्यास वाढला तसं लक्षात आलं की अकेशिया म्हणून एकत्र बांधलेल्या शेकडो झाडांचे खरं तर वेगळे गट करायला हवेत. अकेशिया हे नाव कोणत्या गटाकडे ठेवायचं यावर खूप वाद झाला. २००५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या गटाला देण्याचं ठरलं. आपली बाभूळ झाली ‘व्हॅचेलिया निलोटिका’. बाभळीला याचा पत्ताही नाही. ती आपली बांधावर काटे फुलवून उभी आहे!

मग जुनी नावं खोडायची का? मुळीच नाही. वनस्पतिसंग्रहाचा हा नियम मला फार आवडतो. जुन्या चिठ्ठीला हात लावायचा नाही. शेजारी नवी चिठ्ठी लावायची, तिच्यावर नवं नाव, ते कुणी ठरवलं आणि कोणत्या वर्षी ठरवलं ते लिहायचं. सॉफ्टवेअरही तसंच करतं. तुम्ही कोणतंही जुनं नाव टाका, ते तुम्हांला बरोबर बाभळीपाशी नेऊन सोडतं. आधी कोण काय समजत होतं आणि नंतर काय कळलं, हा सगळा प्रवास शाबूत राहतो.

बरं, एवढा खटाटोप कशासाठी? अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात अर्नोल्ड अर्बोरेटम नावाचं वृक्षोद्यान आहे. तिथल्या झाडांचे फुलं आलेले जुने नमुने जपलेले होते, तारखांसकट. संशोधकांनी १८८५ पासूनच्या त्या तारखा काढल्या आणि त्यांच्याशी तीच झाडं अलीकडे कधी फुलतात ते ताडून पाहिलं. २००४ साली त्यांनी निष्कर्ष छापला. १९०० ते १९२० या काळाच्या मानाने १९८० ते २००२ या काळात झाडं सरासरी ८ दिवस आधी फुलू लागली होती. हवा तापते आहे, हे त्या वाळक्या फुलांनी सांगितलं! ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी चिठ्ठीवर तारीख लिहिली, त्यांना असा प्रश्न कुणी विचारील हे स्वप्नातही नव्हतं. त्यांनी फक्त तारीख नीट लिहिली होती.

आता एक दुःखाची गोष्ट. जर्मनीत बर्लिनला फार मोठा वनस्पतिसंग्रह होता, सुमारे ४० लाख नमुन्यांचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या मार्च महिन्याच्या पहिल्याच रात्री, त्यावर बॉम्ब पडले. बहुतेक सगळा संग्रह जळाला. त्यात असे नमुने होते की ज्यांच्यावरून त्या त्या वनस्पतीला पहिल्यांदा नाव दिलं गेलं होतं. पण त्याआधी काही वर्षं, १९२९ पासून, शिकागोच्या फील्ड संग्रहालयाचे मॅकब्राइड नावाचे वनस्पतितज्ज्ञ युरोपात फिरून अशाच महत्त्वाच्या नमुन्यांचे फोटो काढत होते. बर्लिनमधल्या हजारो नमुन्यांचे त्यांनी काढलेले फोटो वाचले. आज कित्येक वनस्पतींच्या बाबतीत तेवढाच काय तो पुरावा उरला आहे.

म्हणूनच आता नमुन्याच्या नोंदीबरोबर त्याचं स्पष्ट छायाचित्रही सॉफ्टवेअरमध्ये ठेवतात आणि त्याच्या प्रती दोनतीन ठिकाणी ठेवतात. आपल्या देशातही २०२२ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने असा छायाचित्रांचा संग्रह इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. मोठ्या माणसाला सोबत घेऊन जरूर बघा. कागदाच्या कडा, टाके, शंभर वर्षांपूर्वीचं शाईचं अक्षर, सगळं दिसतं.

मात्र काही गोष्टी मुद्दाम झाकून ठेवाव्या लागतात. सह्याद्रीत कंदीलपुष्प नावाच्या देखण्या वनस्पती आहेत. फूल अगदी टांगलेल्या कंदिलासारखं. त्यांच्यातल्या काही जाती सह्याद्रीशिवाय जगात कुठेही नाहीत. अशा दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा जाहीर केली तर उपटून नेणारे तिथे पोहोचतातच. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये सोय असते. अभ्यासकाला नेमकी जागा दिसते, इतरांना फक्त जिल्हा किंवा तालुका. माहिती जपायची आणि झाडही जपायचं.

आमच्या तक्त्याची गोष्ट राहिलीच की! त्या २६ मुक्या पानांचं काय करायचं यावर वर्गात दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला, “बाई, बाकीच्या चिठ्ठ्यांवर १९८७ आहे. मग यांच्यापुढेही तेच लिहून टाकू. कोण बघतंय?” पाचवीतली एक मुलगी उठून म्हणाली, “आणि पुढच्या पोरांनी ते खरंच मानलं तर?” मुलगा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “खरंय.” आम्ही त्या २६ पानांपुढे तारखेच्या रकान्यात ‘माहीत नाही’ असं लिहिलं. सव्वीस वेळा. मोठमोठ्या संग्रहांमध्येही हाच नियम आहे, हे मुलांना सांगितलं तेव्हा त्यांची छाती फुगली.

आणि कळलावी? चिठ्ठीचं झालं असं की मुलं ती घरोघर सांगत सुटली. एका मुलीच्या आजी म्हणाल्या, “अगं, आपल्या वरच्या शेताच्या बांधावर आहे की!” पाऊस उघडल्यावर आम्ही गेलो. बांधावरच्या झुडपात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं! मोजले तर वेल दोनच. “बाई, एक डहाळी घ्यायची का?” मी मुलांनाच ठरवायला सांगितलं. बरीच कुजबुज झाली. शेवटी ठरलं की दोनच आहेत तर तोडायची नाही. फोटो काढला, जागा, तारीख, वेलांची संख्या लिहून घेतली. आमच्या तक्त्यातली ती ४४ वी नोंद. तिच्यापुढे ‘नमुना नाही, फक्त फोटो’ असं लिहिलं आहे. गुरुजींच्या चिठ्ठीत तीन वेल, आमच्या नोंदीत दोन. पुढे कुणीतरी पुन्हा मोजील. (कळलावी विषारी असते बरं का! कंद तर फारच. सापडली तर लांबूनच बघा.)

एक लक्षात ठेवा, संगणकाला स्वतःचं असं काही ठाऊक नसतं. तुम्ही लिहिलं तेवढंच तो सांभाळतो, पण ते मात्र अगदी इमानाने.

आता तुमच्यासाठी काम. येत्या रविवारी एकच रोप निवडा. अंगणातला तेरडा, बांधावरचा टाकळा, गच्चीवरच्या कुंडीत आपोआप उगवलेलं तण, काहीही चालेल. मोठ्यांना विचारून, भरपूर असेल तरच एक डहाळी घ्या. वर्तमानपत्रात वाळवा आणि चिठ्ठी लिहा : क्रमांक, घरात म्हणतात ते नाव, ठिकाण, तारीख, तुमचं नाव, फुलाचा रंग, आजूबाजूला काय होतं. ठिकाण असं लिहा की अनोळखी माणूस तिथे पोहोचला पाहिजे. ‘आमच्या घरामागे’ असं लिहाल तर तुमचं घर कुठे आहे हे त्याला कोण सांगणार? चिठ्ठी शाईने नको, पेन्सिलने लिहा. पाणी पडलं तरी पेन्सिल पसरत नाही. आणि तोच क्रमांक कागदावर आणि वहीतल्या किंवा संगणकातल्या तक्त्यात, दोन्हीकडे लिहा. नाव कळलं नाही तर बिनधास्त ‘माहीत नाही’ लिहा. ते पुढे कधीही कळू शकतं. गेलेली तारीख मात्र पुन्हा कळत नाही.

आणि आईबाबांनो, तुमच्यासाठी एवढंच. घरात आजी-आजोबा असतील तर मुलांना ती डहाळी घेऊन आधी त्यांच्याकडे पाठवा. ते त्या झाडाला काय म्हणतात, ते पूर्वी कुठे उगवायचं, केव्हा फुलायचं, हे मुलांनी विचारू दे आणि त्यांच्यासमोर बसूनच चिठ्ठीवर लिहू दे. हे काम पुढच्या सुट्टीवर मात्र ढकलू नका.